सातवं बेट

आमच्या ऊस संशोधन केंद्रात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे एकाच बाईला ‘वहिनी’ म्हणायचे, आणि त्याला कारणीभूत मी. त्या माझ्या थोरल्या भावाची बायको. मी स्टोअरच्या खिडकीत बसून दिवसातून दहा वेळा ‘वहिनी, सही राहिली’, ‘वहिनी, कोयता परत आणा’ असं ओरडायचो. ऐकणाऱ्यांच्या तोंडी तेच बसलं. हजेरी घेताना त्यांचं खरं नाव पुकारलं की चार माणसं मागे वळून बघायची, ही कोण नवीन आली म्हणून. कधी कधी तर वहिनीसुद्धा बघायच्या.

परवा मुलगी म्हणाली, ‘बाबा, एकदाचं लिहूनच काढा ना सगळं. म्हणजे आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकायला नको.’ टोमणा मला कळला, पण लिहायला बसलो खरा. वहिनींना जाऊन पाच वर्षं झाली. दादा त्यांच्या आधीच गेला. केंद्रातल्या गोष्टी ज्यांना सांगाव्यात ती माणसं राहिली नाहीत, आणि ज्यांना सांगतो त्यांना त्या पाठ झाल्यात.

दादा केंद्राचा पंप चालवायचा. मी स्टोअरकीपर. आवारातल्या बैठ्या चाळीत आमची दोन घरं शेजारी शेजारी, मधे एक विटेची भिंत. सकाळी पंपाची धडधड सुरू झाली की घड्याळ बघायची गरज नसे. मग पाटात पाणी पडल्याचा आवाज, ओल्या मातीचा वास, आणि हंगाम असला तर लांबच्या साखर कारखान्याकडून येणारा मळीचा वास. बाहेरचे लोक त्या वासाला नाक मुरडतात. मला अजून कुठे तो वास आला की घरी आल्यासारखं वाटतं.

वहिनी कामाला लागल्या त्या पंधरा दिवसांपुरत्या. शिडीवर चढून तुऱ्यांना पिशव्या बांधणारी एक बाई पडली, तिचा पाय मोडला. मोठे साहेब तेव्हा मोठे नव्हते, नुसतेच साहेब होते. ते दादाला म्हणाले, ‘घरातून कुणी येईल का? तुरे काही थांबायचे नाहीत.’ वहिनी गेल्या. त्या पंधरा दिवसांची तीस वर्षं झाली.

ऊस लावतात तो कांडीचे तुकडे मातीत पुरून. त्या तुकड्यांना टिपरी म्हणतात. त्यामुळे उसाला बी असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. पण टिपरीतून उगवतो तो जुनाच ऊस, हुबेहूब तसाच. नवा वाण हवा असेल तर तुरा पाहिजे, तुऱ्यातलं बी पाहिजे. थंडीच्या तोंडाशी चार-पाच आठवडे तुरे फुलायचे आणि तेवढ्यातच वर्षभराच्या सोयरिकी उरकायच्या. सोयरीक हा वहिनींचा शब्द. साहेब कागदावर जमवायचे: या उसाची साखर चांगली, त्या उसाला रोग लागत नाही, द्या लावून. वहिनी ती प्रत्यक्षात लावायच्या. मादी उसाचा तुरा कांडीसकट तोडून बादलीतल्या औषधी पाण्यात उभा करायचा, नराचे तुरे त्याच्या डोक्यावर बांधायचे आणि सगळ्यावर पांढऱ्या कापडाचा उंच कंदील चढवायचा. रोज सकाळी ऊन वर यायच्या आत कंदिलाला हलकी टिचकी. पराग खाली पडतो. अशा चाळीस-पन्नास कंदिलांच्या रांगेतून वहिनी टिचक्या मारत जायच्या, आणि कुणी मधे बोललं की बोट ओठांवर. जणू आत कुणी झोपलंय.

ते बी म्हणजे नुसती कापसाळलेली धूळ. बियांच्या खोलीत पंखा बंद, खिडक्या बंद, आणि ज्याला सर्दी झाली असेल त्याला दारातूनच हाकलायचं. दादा एकदा डबा द्यायला आत गेला आणि शिंकला. वहीत ‘संकर क्रमांक बावीस, बी कमी’ एवढंच लिहिलंय. दादाला त्या शिंकेचा हिशेब म्हातारपणापर्यंत ऐकावा लागला.

मग ट्रेमध्ये रोपं. गवतासारखी, पाच-सहा हजार. ती रानात लावायची, वर्षभर वाढवायची आणि त्यातली तीनशे ठेवून बाकीची तोडून टाकायची. पुढे तीनशेतली चाळीस, चाळिसातली आठ, आठातला एक. एकेका पायरीला दोन-दोन, तीन-तीन वर्षं. साहेबांच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर असायचा. नळीसारखं यंत्र, रसाचा थेंब टाकायचा आणि डोळ्याला लावून गोडीचा आकडा वाचायचा. त्याच्या आधी वहिनी जिभेवर थेंब घेऊन म्हणायच्या, ‘एकोणीस.’ यंत्रही म्हणायचं एकोणीस. फार तर अर्ध्याचा फरक. साहेब एकदा मला म्हणाले, ‘हे यंत्र बिघडलं तर नवीन मागवू नका, वहिनींना विचारा.’ मी म्हटलं, ‘साहेब, वहिनी बिघडल्या तर?’ त्यावर वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे भिंतीपलीकडून एकही वाटी आली नाही.

पण इतकी वर्षं गेली तरी वहिनींनी सोयरीक लावलेला एकही ऊस केंद्राच्या फाटकाबाहेर गेला नव्हता. वाण म्हणून कुणाच्या रानात लागला नव्हता. एक वाऱ्यात लोळला. एक आतून पोकळ निघाला. एकाला इतके तुरे यायचे की साखरेच्या नावानं बोंब. सगळे फाटकापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. साहेबांना त्याचं वाईट वाटायचं, पण साहेबांना निदान परिषदांना जायला मिळायचं, निबंध छापून यायचे. वहिनींचं एकच मागणं होतं. बसनं कुठे जाताना खिडकीबाहेर ऊस दिसला की म्हणायच्या, ‘एकदा दुसऱ्याच्या रानात आपला ऊस दिसावा, भाऊजी. जाता जाता दिसला तरी चालेल. उतरणारसुद्धा नाही मी.’

आणि मग आला चारशे सतरा. चौथा ट्रे, सतरावं रोप, एवढंच त्याचं नाव. पण काय ऊस होता! मनगटाएवढा जाड, सरळ, पेरांवर जांभळट झाक, वाळल्या पानांचं पाचट हात लावताच गळून पडणारं. खताची ओरड नाही, पाण्याची ओरड नाही. दर वर्षी तो पुढच्या पायरीवर चढला. चौदा वर्षं. माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, आणि चारशे सतरा आपला एकेक परीक्षा पास होत निघाला होता. वहिनी रोज कामावरून परतताना त्याच्या सऱ्यांमधून चक्कर मारून यायच्या. दादा म्हणायचा, ‘सवतीला भेटून आली.’

शेवटची परीक्षा राहिली ती काणीची.

काणी हा उसाचा वाईट रोग. शेंड्यातून काळा, लांब, वळलेला चाबूक बाहेर पडतो आणि त्याच्यावर काजळीसारखी बुकटी असते. वारा आला की ती उडते आणि मैलभरातल्या उसांना लागते. म्हणून बेणेमळ्यात, म्हणजे जिथलं बेणं, लागवडीच्या टिपऱ्या, आम्ही बाहेर द्यायचो त्या मळ्यात, रोज तपासणी. चाबूक दिसला की आधी त्याच्यावर पिशवी चढवायची, मग तो मोडायचा, मग ते सबंध बेट खणून काढायचं आणि खड्ड्यात जाळायचं. एका टिपरीतून फुटलेल्या उसांचा झुबका उभा राहतो, त्याला आम्ही बेट म्हणतो. हे काम वहिनींकडे वीस-बावीस वर्षं होतं. कमरेला दहा पिशव्या खोचलेल्या आणि हातात कुदळ. चाबूक दिसायचा अवकाश, पिशवी त्याच्यावर. बोलता बोलता, हसता हसता. साप दिसल्यावर आपला पाय आपोआप मागे येतो ना, तसा त्यांचा हात पुढे जायचा.

परीक्षेच्या प्लॉटात मात्र नेमकं उलटं. तिथे टिपऱ्या मुद्दाम काणीच्या बुकटीच्या पाण्यात बुडवून लावतात आणि बघतात, किती बेटं आजारी पडतात. तिथे कुणी कशाला हात लावायचा नाही. चाबूक निघाला तर निघू द्यायचा. दर पंधरा दिवसांनी रोगवाल्या बाई येऊन मोजणार आणि आजारी बेटाला लाल चिठ्ठी बांधणार. आमच्याकडच्या रोगतज्ज्ञ बाईंना सगळे रोगवाल्या बाई म्हणायचे. बिचाऱ्यांची तब्येत ठणठणीत होती. नियम असा, की चारशे सतराची साठ बेटं. सहापर्यंत माफ. सातवं निघालं की वाण बाद. पहिल्या वर्षी पाच निघाली होती. परीक्षा दोन वर्षांची, दोन्ही वर्षी पास व्हावं लागे, आणि हे दुसरं वर्ष. शेवटच्या मोजणीला दोन दिवस राहिले तेव्हा लाल चिठ्ठ्या होत्या सहा.

मोजणी सोमवारी होती. शनिवारी पाचच्या सुमाराला वहिनी स्टोअरच्या खिडकीशी आल्या, कुदळ भिंतीला टेकवली आणि पिशव्या परत केल्या. मी मोजल्या.

‘नऊ,’ मी म्हणालो. ‘सकाळी दहा नेल्या होत्या. बेणेमळ्यात एक चाबूक लिहू?’

‘छे! बेणेमळा आज लख्ख होता. एकही नाही.’

‘मग दहावी कुठे गेली? खाल्लीत?’

वहिनी हसल्या. कमरेला चाचपून बघितलं. पदर झटकला. मग त्यांचा हात तसाच थांबला. त्या खताच्या पोत्यावर बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या, पण मला बघत नव्हत्या.

‘भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘मी चारशे सतराला हात लावला.’

रोजच्यासारख्याच त्या त्याच्या सरीतून चालल्या होत्या. डोक्यात दादाच्या स्वेटरची बाही होती, किती टाके कमी करायचे याचा विचार. तिसऱ्या सरीत चाबूक दिसला. डाव्या हातानं पिशवी निघाली, उजव्या हातानं शेंडा वाकवला, पिशवी चढली, चाबूक मोडला. मग कुदळ. बेट उपटून बांधापलीकडच्या खड्ड्यात टाकलं आणि काडी लावली. आणि बाहीचा हिशेब जुळला म्हणून खुशीत स्टोअरला आल्या.

‘कुणी बघितलं?’ मी विचारलं.

‘कुणी नाही.’

‘मग झालं तर! गेल्याच आठवड्यात पलीकडच्या प्लॉटात रानडुकरांनी उकरलंय. इथेही उकरलं. सहा होती, सहाच राहतील.’

‘सात होती, भाऊजी.’

मी चिडलो. मला चिडायला फार लागत नाही, हे घरातले सगळे सांगतील. मी म्हटलं, ‘वहिनी, चौदा वर्षं! साहेब चार महिन्यांनी निवृत्त होतायत. तुम्ही दोन वर्षांनी. ह्याच्यानंतर दुसरा ऊस इथवर येईपर्यंत आपण कुणी तरी असू का? एक बेट कमी-जास्त झालं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?’

‘हळू बोला.’

‘नाही बोलणार हळू! तुम्ही काय मुद्दाम केलंत का? हात गेला. हाताला कुणी शिकवलं? ह्या केंद्रवाल्यांनीच ना? मग भोगा म्हणावं.’

 वहिनी कुदळ आत ठेवून गेल्या. रविवारभर भिंतीपलीकडून आवाज नाही. मी दादाला गाठलं आणि म्हटलं, तू तरी समजाव. दादा वर्षाला मोजून शंभर वाक्यं बोलणारा माणूस. तो म्हणाला, ‘ती काल रात्री जेवली नाही. आज सकाळी जेवली. म्हणजे तिचं ठरलंय. तू मधे पडू नकोस.’ काय ठरलंय ते त्यानं विचारलंही नव्हतं.

सोमवारी रोगवाल्या बाई आल्या. लाल चिठ्ठ्या द्यायला म्हणून मी मुद्दाम बरोबर गेलो. वहिनी सरीच्या तोंडाशी उभ्या. बाई मोजत मोजत तिसऱ्या सरीत आल्या, खड्डा बघितला आणि कपाळाला हात लावला. ‘इथेही डुकरं! कुंपण नीट करा म्हणून किती वेळा सांगायचं?’ त्यांनी वहीत लिहिलं, ‘डुक्कर, एक.’ शेवटच्या सरीपर्यंत गेल्या, परत आल्या. ही बाई कधी हसलेली मी पाहिली नव्हती. ती हसली, पुढे आली आणि वहिनींचे दोन्ही हात धरले. ‘सहा, वहिनी! सहाच! पास झाला तुमचा ऊस!’

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता तरी वहिनी गप्प राहतील. हात धरलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं?

‘बाई,’ वहिनी म्हणाल्या, ‘तेवढं डुक्कर खोडा. ती मी होते.’

अर्ध्या तासानं आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावरचा कागद दाबायचा दगड इकडून तिकडे ठेवला. मग म्हणाले, ‘वहिनी, खोडकिड्यानं शेंडा वाळला तरी लांबून काळपट दिसतो. तसं काही असेल. तुमचं लक्ष नव्हतं, तुम्हीच म्हणालात.’

 बाई खाली बघत होत्या. एवढ्या मोठ्या माणसानं दार उघडून धरलं होतं आणि वहिनींना फक्त त्यातून जायचं होतं. ‘असेल, साहेब,’ एवढेच दोन शब्द. मी मनात ते त्यांच्यासाठी म्हणून टाकले.

वहिनी म्हणाल्या, ‘साहेब, मी चाबूक ओळखत नाही असं तुम्हाला वाटतं का?’

साहेबांनी मान हलवली. नाही वाटत. वही पुढे ओढली, ‘डुक्कर’ खोडलं, ‘काणी, सात’ लिहिलं, खाली सही केली. मग फाईल उघडून चारशे सतराच्या पानावर स्वतःच्या हातानं ‘बाद’ असा शब्द लिहिला. ‘तोडून घ्या सगळा,’ ते म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाहेर आल्यावर वहिनी पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. मी तिथेच उभा होतो. मला त्यांचा इतका राग आला होता की पाठीवर हात ठेवावा हेसुद्धा सुचलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी तोड. परीक्षेच्या सऱ्या जागेवर जाळल्या आणि उत्पन्न मोजायला वेगळ्या लावलेल्या प्लॉटातला निरोगी ऊस कारखान्याला पाठवायचं ठरलं. तो गाडीत भरताना मी आयुष्यात पहिली आणि शेवटची चोरी केली. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या मोजल्या, त्यानं खताच्या दोन रिकाम्या पोत्यांत चारशे सतराच्या टिपऱ्या भरल्या आणि केंद्राच्या जीपच्या ड्रायव्हरला दिल्या. ड्रायव्हरचं डोंगरापलीकडे रस्त्याला लागून थोडं रान होतं. त्याला म्हटलं, ‘चार सऱ्या लाव. कुणाला सांगू नकोस, कुणाला बेणं देऊ नकोस. वहिनींना दाखवायचाय.’ माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुसऱ्याच्या रानात एकदा दिसू दे त्यांना. एवढा चोख ऊस, एका बेटावरून बाद! हे नियम करणाऱ्यांनी कधी ऊस हातात धरलाय का?

ऊस असा आला की काय सांगू. मी सायकलनं जाऊन बघून यायचो. एक डाग नाही, एक चाबूक नाही. परत येताना घाट चढायचा असे, पण पायांना कळायचं नाही. मनात वहिनींना उत्तरं देत यायचो. बघा, म्हटलं होतं ना! पण लगेच दाखवायची छाती झाली नाही. त्या सरळ जाऊन साहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांना सांगतील, ही भीती. तेव्हा ठरवलं, त्या निवृत्त झाल्या की न्यायचं. मग त्यांना सांगायला साहेबच उरणार नाही. ड्रायव्हरनं पहिलं पीक तोडलं आणि खोडवा ठेवला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेलं दुसरं पीक. त्यानंतर माझा गुडघा सुजला आणि दोन-तीन महिने सायकल बंद पडली.

वहिनी निवृत्त झाल्या. केंद्रानं शाल दिली, भाषणं झाली, हजेरीवाल्यानं शेवटचं म्हणून त्यांचं खरं नाव पुकारलं आणि सगळे हसले. त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी म्हणालो, ‘वहिनी, चला, तुम्हाला एक गंमत दाखवतो.’ बसनं गेलो. घाट उतरला, वळण आलं आणि मी काही बोलायच्या आत वहिनी खिडकीजवळून उठून उभ्या राहिल्या.

‘भाऊजी, थांबवा. बस थांबवा!’

उतरणारसुद्धा नाही म्हणायच्या ना? बस पुरती थांबलीसुद्धा नव्हती, तेवढ्यात उतरल्या. रस्ता ओलांडला, बांधावर चढल्या. साठीला टेकलेली बाई, चपला हातात घेऊन. उसाच्या कडेला उभ्या राहिल्या, पेरावरून बोट फिरवलं, पान उलटं करून बघितलं. ‘हा चारशे सतरा आहे,’ त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या आणि हसल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण तसं हसणं त्या लग्न होऊन घरात आल्या त्या वर्षी ऐकलं असेल. ‘तुम्ही चोरलात! अहो, स्टोअरकीपर, तुम्ही चोरलात!’ मीही हसलो. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचं नव्हतं. त्या सरीत शिरल्या. एका उसाला टेकून म्हणाल्या, ‘कसा आहेस रे बाबा?’

आणि पुढे दोन पावलं टाकून थांबल्या.

मीही बघितलं. काळा, वळलेला, हातभर लांब. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यापलीकडे एकाच बेटाला तीन. खोडव्यात काणी उफाळते, हे मी इतकी वर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

वहिनींचा हात कमरेला गेला. तिथे पिशव्या नव्हत्या. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि जवळच्या चाबकावर टाकला. मग ड्रायव्हरला हाक मारली. तो झोपडीतून धावत आला. ‘कुणाला बेणं दिलंस?’

‘नाही, वहिनी. ह्यांनी सांगितलं होतं म्हणून नाही दिलं. पण सगळ्यांनी मागून ठेवलंय. हा तुटला की आठ-दहा जणांना देणार होतो.’

‘जुनी पोती आण. आणि कुदळी दोन आण.’

दुपारभर आम्ही तिघं खणत होतो. वहिनी पुढे जाऊन पोतं चढवायच्या, आम्ही मागून बेट काढायचो. रानाच्या कोपऱ्यात ढीग पेटला. वहिनी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला वाटत होतं, बोलाव्यात, शिव्या द्याव्यात. ऊन उतरायला लागलं तेव्हा आजारी बेटं संपली. अकरा निरोगी बेटं उरली, एका सरीत जवळ जवळ. काय देखणी दिसत होती! ड्रायव्हर म्हणाला, ‘वहिनी, एवढी राहू देत. ह्यांना काही झालेलं नाही.’

‘राहू द्या ना,’ मीही म्हणालो. ‘बेणं म्हणून नको. नुसती उभी राहू देत. तुम्ही येऊन बघून जात जा. अकरा बेटांनी काय होतंय, वहिनी?’

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, दमल्या होत्या.

‘त्या दिवशी एका बेटासाठी मी साहेबांची चौदा वर्षं पाण्यात घातली,’ त्या म्हणाल्या. ‘माझीही. ती कशासाठी घातली, भाऊजी, ही अकरा राखायची होती तर?’

त्यांनी कुदळ उचलली आणि खणायला लागल्या. दहा बेटं त्यांनी एकटीनं काढली, कुणाला हात लावू दिला नाही. पाठ वाकलेली, पदर कमरेला खोचलेला. अकराव्यापाशी आल्या तेव्हा सरळ उभ्या राहिल्या आणि कुदळ माझ्यापुढे धरली.

‘हे तुम्ही खणा,’ त्या म्हणाल्या.

मी खणलं.